तेलाच्या डब्यावरची तारीख

रात्री साडेआठला दुकानाचं शटर ओढून हे घरी येतात तेव्हा हातात पुडा असतो. कधी कांदाभजी, कधी मिरचीची, पावसाळ्यात बटाटेवडे, थंडीत गरम जिलेबी. लग्नाला चोवीस वर्षं झाली. यातले बहुतेक दिवस पुड्याचेच. वर्तमानपत्राचा कागद तेलानं इतका भिजलेला असतो की मागच्या पानावरचे तासगावच्या बेदाण्याचे भाव आरपार वाचता येतात. चपला काढायच्या आधीच हाक येते, "अगं, गरम हायेत, ये लवकर." चहा मी टाकलेलाच असतो. मग ओट्याजवळच्या दोन स्टुलांवर आम्ही वीसेक मिनिटं बसतो. दुकानात काय झालं, शाळेत काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं त्या वीस मिनिटांत. दिवसभरात आम्हा दोघांचं बोलणं होतं ते तेवढंच.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला तो पुडा वैऱ्यासारखा वाटेल. मला तो तसा कधीच वाटला नाही, आणि वजन उतरवताना खरी अडचण तीच होती.

जून २०२३ मध्ये शाळा सुरू झाली आणि नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. मी गणित शिकवते. पहिल्याच आठवड्यात जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबावं लागलं. मुलं बाजूनं "बाई, सरका" म्हणत पळत वर जात होती आणि माझ्या उजव्या गुडघ्यात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं होत होतं. डॉक्टरांनी वजन केलं, टेप लावली, रक्त तपासलं. वजन ७८ किलो, उंची १५६ सेंटीमीटर, कंबर ९८, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के. साखरेचा हा आकडा ५.७ ते ६.४ असेल तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ झाला की आत. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, भारतीयांसाठी २३ च्या खाली हवा, २५ पासून पुढं लठ्ठपणा धरतात; माझा ३२ होता. २३ म्हणजे माझ्या उंचीला ५६ किलो, हे मी दवाखान्याच्या बाकावरच मनात काढलं. बावीस किलो. रिपोर्ट पदराखाली धरून मी तिथंच रडले.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, ५६ आत्ता विसरा. अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. साखर उंबरठ्यावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असं लक्ष्य दिलं होतं. तीनेक वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण, ज्यांना नुसती औषधाच्या नावाखाली साधी गोळी दिली त्यांच्यापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. अठ्ठ्याहत्तरचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. "साडेपाच जमतील ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी रिपोर्ट उलटासुलटा करून बघितला, घडी घातली आणि माझ्याच हातात दिला. "डॉक्टरला काय, गिऱ्हाईक पायजे. खाऊनपिऊन सुखी हायेस, लोकांच्या डोळ्यांत येतंय. माझ्याकडं बघ की. सगळं खातो, काय हुतंय?" आणि पुडा पुढं सरकवला.

ह्यांचं म्हणणं दिसायला खरंच होतं. हे साठ-एकसष्ट किलोचे, हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली. फक्त शर्टाच्या आत, पट्ट्याच्या वर, एक छोटी वाटी पालथी घातल्यासारखं पोट. त्याच्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

नवरा साथ देत नाही म्हटलं की लोकांना वाटतं तो ओरडत असेल, टोमणे मारत असेल. आमच्याकडं तसं काही नव्हतं. असायची ती छोटी छोटी वाक्यं. "एकानं काय हुतंय?" "तुझ्यासाठनंच आणलंय." "उद्यापास्नं कर की, आज गुरुवार हाय." "तोंड कशाला पाडतीस?" या सगळ्यांना माझ्याकडं काही ना काही उत्तर होतं. एका वाक्याला नव्हतं. पुड्याची गाठ सोडून हे स्टुलावर बसायचे, माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "मग मी एकटा खाऊ व्हय?" तिथं माझा हात पुढं जायचा. पहिले तीन महिने मी या एका वाक्यापायी हरले. सप्टेंबरात काटा ७७.४ दाखवत होता.

मधल्या काळात सगळं करून बघितलं. शाळेतल्या तिघी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं जेवत होत्या: दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. त्यातल्या एकीचं नऊ किलो उतरलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं. मीही धरलं, पाच आठवडे टिकलं. शाळेची मधली सुट्टी दीडला, घरातलं रात्रीचं जेवण साडेनऊला, आणि मध्ये साडेआठचा तो चहा. पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या घरातलं घड्याळ माझ्या हातात नव्हतं, एवढंच मला त्यातून कळलं. मग स्वतःपुरतं वेगळं शिजवायला लागले, दुधीचं सूप, मोड आलेले मूग. सकाळी साडेसातला शाळा गाठणाऱ्या बाईला दोन स्वयंपाक किती दिवस झेपणार? आणि घरात एक बाई वेगळं जेवायला लागली की सगळ्यांना ती रुसल्यासारखी वाटते. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माझ्या वाटीकडं बघून गप्पच व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात तेही सोडलं.

एक दिवस रात्रीची भांडी घासायला काढताना माझ्या लक्षात आलं की माझं तोंड चालू आहे. जेवण होऊन अर्धा तास झाला होता. पातेल्यात मूठभर भात राहिला होता, तो आमटीच्या तळाशी कालवून मी उभ्या उभ्या खात होते. हे बाहेरच्या खोलीतून नेहमीप्रमाणे म्हणाले होते, "एवढंसं ऱ्हायलंय, संपवून टाक." आणि मी संपवत होते. मुलगी पुण्याला शिकायला जाण्याआधी तिच्या ताटातलं, मग मुलाच्या ताटातलं, आत्यांची पाव भाकरी, भाजीचा शेवटचा डाव. अन्न टाकायचं नाही, उद्या शिळं कोण खाणार, भांडं रिकामं करायचंय. आमच्या घरात भांडी रिकामी करायचं काम वीस वर्षं माझ्या पोटाकडं होतं.

मी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा आणला आणि आठवडाभर ते उरलंसुरलं न खाता तोलून वहीत लिहिलं. सात दिवसांचे भात, भाकरी, भाजी, उसळ मिळून ९५० ग्रॅम भरले. साधारण बाराशे कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी; कागदावर तरी दर साडेसहा आठवड्यांना एक किलो, आणि तेही भूक नसताना. त्या रात्री मी हा हिशोब दोनदा तपासला. चौथीतल्या मुलाला जमावा असा गुणाकार-भागाकार, आणि मला शेहेचाळिसाव्या वर्षी सुचला. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानातून घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे आणले. उरलेलं त्यात, डबा फ्रिजमध्ये, सकाळी त्या भाताला फोडणी नाहीतर भाकरीचा कुस्करा, सगळ्यांना थोडा थोडा. "संपवून टाक" म्हटलं की मी "ठेवलंय" म्हणायची. या एका गोष्टीवर घरात कुणी वाद घातला नाही.

मग तेलाकडं वळले. आमच्याकडं तेलाचा १५ किलोचा डबा येतो; हेच होलसेलवाल्याकडून आणतात. किती दिवस पुरतो, याची नोंद कधी कुणी ठेवली नव्हती. ऑक्टोबरात नवा डबा फोडला त्या दिवशी त्याच्यावर मार्करनं तारीख टाकली. पंच्याहत्तराव्या दिवशी तो संपला. घरात चार माणसं. १५,००० ग्रॅम भागिले चार, भागिले ७५, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. भज्यांचं तेल यात नाही, ते गाड्यावरचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींचं जे नमुन्याचं ताट सांगितलंय त्यात दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी; आम्ही प्रत्येकजण तेलातूनच साडेचारशे कॅलरी घेत होतो.

किटलीची धार बंद करून मी चमचा हातात घेतला. चपातीच्या घडीला तेल न लावता नुसतं बोट फिरवलं, कुणाला कळलं नाही. पोह्यांना चार चमच्यांऐवजी दोन, कुणाला कळलं नाही. वांग्याच्या भाजीला झाकण ठेवून वाफेवर शिजवलं, आत्यांना तर आवडलं. कटाचं मात्र पहिल्याच दिवशी कळलं. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाच्या ताटात मटकीच्या आमटीवर लाल कट तरंगला नाही तर ते ताट त्याला आजाऱ्याचं वाटतं. ह्यांनी चमच्यानं आमटी ढवळली, वाकून बघितलं आणि विचारलं, "कट कुठं गेला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. हे न बोलता उठले, कांदा-लसणाच्या चटणीत तेल कालवून आणलं आणि आमटीवर ओतलं.

दोन-चार दिवस मी या कटाचा विचार करत होते. आणि मग फोडणी नेहमीसारखीच करायला लागले, तेल, चटणी, तिखट, सगळं. आमटीला उकळी आली की गॅस बारीक करायचा, पाच मिनिटं ढवळायचं नाही. तेल आपोआप वर येतं, पातेल्याच्या कडेनं लाल गोल धरतं. पळी आडवी धरून ते अलगद काढायचं आणि वाटीत ठेवायचं. ह्यांच्या आमटीवर त्यातला चमचा-दोन चमचे वरून. मुलाला हवा तेवढा. माझी आमटी खालची. चव सगळी तीच, कारण तिखट-मसाला आमटीत उतरलेलाच असतो. ह्यांचा कट गेला नाही आणि माझ्या ताटात तो आला नाही. या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त समाधान या पळीनं दिलं, हे मी मनापासून सांगते.

पुढचा डबा ९८ दिवस गेला. त्याच्या पुढचा ११२. माणशी ५० ग्रॅमवरून साडेतेहतीसवर आलो.

बाकीचं चारचौघींसारखंच. जेवायला बसताना आधी वाटीभर काकडी-टोमॅटोची नाहीतर कांदापातीची कोशिंबीर, मग उसळ किंवा वरण दोन वाट्या, शाळूची एक भाकरी, भात दुपारीच आणि मूठभर. गुरुवारच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी बंद केली. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस उपासाचाच असायचा. सकाळी पावणेसहाला आमराईत चालायला. "चहा कोण करणार?" हा प्रश्न आठवडाभर चालला, मग आत्यांनी तो न बोलता स्वतःकडं घेतला. नोव्हेंबरपासून वजन हलायला लागलं. महिन्याला किलो, कधी सव्वा. होळीपर्यंत मी ७१ वर आले. साडेपाच कधीच मागं पडले होते.

आणि मग लोकांना दिसायला लागलं. "बाई, वाळलात की." "तब्येत बरी हाय न्हवं?" हळदी-कुंकवाला एकीनं गालाला हात लावून विचारलं, "घरात काय टेन्शन?" मला हे ऐकून आत बरं वाटायचं. ह्यांचं उलट होतं, ते मला उशिरा समजलं. दुकानात येणारी माणसं ह्यांना विचारायची, "वहिनी आजारी हायेत काय?" एकानं म्हणे हसत हसत म्हटलं, "शेठ, खायला घालत न्हाई व्हय?" हे त्या दिवशी घरी आले ते दोन पुडे घेऊन.

होळीला आम्ही गावी गेलो, आटपाडीच्या बाजूला. पुरणपोळ्या, कटाची आमटी, पापड-कुरडया, पन्नास-एक माणसं. बायकांची पंगत शेवटची असते. वाढायला हे आणि ह्यांचे थोरले भाऊ. माझ्या पानात एक पोळी होती, तीवर तूप घेऊन झालं होतं. दुसरी पोळी आली, मी "नको" म्हटलं, तरी पडली. मग हे तुपाची वाटी घेऊन आले. मी पानावर दोन्ही हात आडवे धरले.

पंगतीत "नको"चा अर्थ "आग्रह करा" असा असतो. आपण सगळे तसंच वाढलोय. नको म्हटल्यावर वाढणाऱ्याचा हात आणखी पुढं येतो, आजूबाजूच्या हसतात, घेणारी लाजते, घेते. त्यात प्रेम असतं, मी नाकारत नाही. मी मात्र हात काढला नाही. हे म्हणाले, "घे." मी म्हटलं, "खरंच नको." आजूबाजूच्या जावा बघायला लागल्या. ह्यांनी पळी वाकडी केली.

तूप माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर पडलं. भाजण्याइतकं गरम नव्हतं, कोमट होतं. बोटांच्या बेचक्यातून ते सावकाश पानात उतरलं, अंगठीच्या खड्याभोवती थोडं साचलं, आणि मनगटाकडं एक ओघळ आला तो बांगडीपाशी थांबला. सगळ्या हसल्या. हेही हसले. मी पान तसंच ठेवून उठले. आमच्याकडं भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मागच्या दारी हौदावर हात धुताना ते तूप साबणाशिवाय निघेना, आणि मी राखेनं हात चोळत राहिले.

त्या रात्री सांगलीला परत येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "अहो, माझ्या ताटात काय पडावं हे मला ठरवू द्या. चोवीस तासांत एवढी एकच गोष्ट मी मागतेय." हे म्हणाले, "सगळ्यांसमोर माझा हात मागं फिरवलास." आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते. आत्या शेजारी येऊन बसल्या, दोन मुठी स्वतःकडं ओढून घेतल्या. बराच वेळ नुसता टरफलांचा आवाज. मग म्हणाल्या, "तुला सांगती. त्यो पोटात हुता तवा दुस्काळ हुता." १९७२ चा. मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि ऐकणं वेगळं. आत्या तेव्हा विशीत. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, सातवा महिना लागेपर्यंत गेल्या. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची, खाल्ली की घशाला टोचायची. कामावर सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायच्या, थोरल्यासाठी. "मी न्हाई खायची. भूकच न्हाई म्हनायची सासूला. तुझ्यावानी. नगं, नगं." ७३ च्या श्रावणात हे झाले, सुपात मावतील एवढे. आत्यांनी शेंगदाणे सुपात ओतले आणि हातानं दाखवलं, एवढा.

घरातल्या बाईनं "नको" म्हणणं म्हणजे घरात नाही म्हणून म्हणणं, हे त्या घराच्या हाडात होतं. ह्यांना ते कुणी शिकवलं नसेल. पण दुकान चालायला लागल्यापासून रोज रात्री पुडा घेऊन येणारा माणूस आत्यांचाच मुलगा होता, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आत्यांचं "सुपात मावंल एवढा" डोक्यातून जाईना, कारण त्याच्या आधी महिनाभर लेकीनं पुण्याहून मला एक लेख पाठवला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत आलेत. त्या गावांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. २००४ साली याज्ञिकांनी एका इंग्रज मित्राबरोबर, जॉन युडकिन त्यांचं नाव, स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या बाळाला पुढं भरपूर खायला मिळालं की साखरेचा धोका वाढतो, असं हे संशोधन सांगतं.

काटकुळे हातपाय आणि पट्ट्याच्या वरची ती पालथी वाटी. मी नऊ महिने स्वतःच्या कमरेला टेप लावत होते आणि माझ्या शेजारी रोज भजी खाणाऱ्या माणसाकडं, तो बारीक आहे म्हणून, बघतच नव्हते.

मी ह्यांना तो लेख वाचून दाखवला, फोटोही दाखवला. आत्यांचं सगळं सांगितलं. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "आईनं कधी मला सांगितलं न्हाई." आणि उठून अंगणात गेले. मी म्हटलं, साखर तपासून घेऊ. "बघू."

कारण कळलं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी बदलत नाही. झालं ते वेगळंच. पुडा यायचा बंद झाला. पहिल्या आठवड्यात मला आनंद वाटला. हे नऊला दहा मिनिटं कमी असताना यायचे, हातपाय धुवायचे, टीव्हीसमोर बसायचे. चहा तिथंच मागायचे. जवळून गेले की शर्टाला कांदाभज्यांचा वास यायचा. गाड्यापाशी उभं राहून एकटेच खाऊन येत होते. एप्रिल आणि मे, दोन महिने. माझं वजन ७१ वरून ६८.६ झालं. आणि त्या दोन महिन्यांत आमच्या चुलतदिराच्या मुलीचं ठरल्याचं मला शेजारणीकडून कळलं. ह्यांना पंधरा दिवस आधी ठाऊक होतं. सांगायची जागाच उरली नव्हती.

दोन स्टुलं ओट्याखाली सारलेली होती. एकावर मुलानं क्रिकेटचे पॅड ठेवले होते.

जूनच्या पहिल्या पावसात मी ह्यांना दुकानात फोन केला. असा फोन मी कधी करत नाही. म्हटलं, "येताना भजी आणा." पलीकडं बराच वेळ काही नाही. मग, "तू खाणारेस?" मी म्हटलं, "एक खाईन. तुमच्याबरोबर बसेन मात्र पूर्ण वेळ." हे आले, भिजलेले, पुडा शर्टाच्या आत धरून. मी स्टुलं बाहेर काढली होती. माझ्यासमोर वाटीत भाजलेले हरभरे आणि ताकाचा पेला. एक भजं मी घेतलं, कांद्याचं, कडेला कुरकुरीत झालेलं, आणि दहा मिनिटं पुरवून खाल्लं. ह्यांनी सवयीनं दुसरं पुढं केलं. मी मान हलवली. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, आणि मग ते भजं ह्यांनी स्वतःच्या तोंडात टाकलं. "एकटा खाऊ व्हय" म्हटलं नाही. चुलतदिराच्या मुलीचं सगळं सविस्तर सांगितलं मात्र, मुलगा काय करतो, मानपान काय ठरलं, हुंडा मागितला नाही, जमीन किती.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी ६७ वर आले. सरासरी साखर ५.६. गुडघा दुसऱ्या मजल्यावर कुरकुरत नाही, तिसऱ्यावर थोडा. बीएमआय अजून साडेसत्तावीसच्या आसपास आहे, म्हणजे पुस्तकाप्रमाणं मी अजून लठ्ठच. पुढचे किलो फार सावकाश जातायत, कधी परत येतायत. सध्या ६८. पुड्याच्या दिवशी एक भजं, कधी तेही नाही. ह्यांचं "एकानं काय हुतंय" पूर्ण थांबलेलं नाही, दिवाळीत तर चार वेळा ऐकलं. गावच्या पंगतीत मी आता वाढायला उभी राहते. शेवटी जावांबरोबर स्वयंपाकघरात बसून जेवते, तिथं कुणी वाढत नाही, आपलं आपण घ्यायचं असतं.

साखरेची तपासणी ह्यांनी अजून केलेली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी विषय काढते. "बघू." मी चिडून बघितलं, रडून बघितलं, लेकीकडून फोन करवला. तिच्याशी बोलताना "करतो गं" म्हणाले, आणि केली नाही. रात्री हे झोपल्यावर कधी कधी मी त्या पालथ्या वाटीकडं बघत राहते, आणि आत्यांचं सूप आठवतं. माझ्या ताटात काय पडावं हे मला ठरवू द्या म्हणणारी मी. ह्यांच्या ताटाबद्दल मी किती बोलायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कट तेवढा मी वाटीत आता आधीपेक्षा कमी काढते. ते ह्यांना ठाऊक आहे असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात तेल संपलं. रात्री फाटक वाजलं म्हणून मी बाहेर आले. हे पायऱ्या चढत होते, उजव्या खांद्यावर नवा डबा, डाव्या हातात पुडा. डबा ओट्यावर टेकवला, खांदा चोळला, स्टूल ओढलं. मी झाकण उघडायला सुरी घेतली तशी म्हणाले, "थांब. आदी तारीख टाक." आणि पुडा बाजूला ठेवून खिशातला पेन काढला. त्या पेनानं पत्र्यावर उमटेना. दोनदा गिरवलं, नाहीच उमटलं. मग हे मुलाच्या खोलीत मार्कर शोधायला गेले.